कुंडीभोवती उडणाऱ्या चिलटांची ओळख करून घेताना

झाडाला पाणी घालायला वाकलं की मातीतून चार-दोन काळे ठिपके उडतात, एखादा थेट नाकाशी येतो, आणि हात आपसूक फवारणीच्या बाटलीकडे जातो. माझाही जायचा. फवारलं की दोन दिवस शांतता, आठवड्याने पुन्हा तेवढीच गर्दी. बरेच महिने हा खेळ चालल्यावर कुठे डोक्यात प्रकाश पडला: ज्यांच्यावर मी चिडत होतो ती चिलटं तशीही आठवडाभरात मरणारच होती. खरा संसार दोन बोटं खाली, मातीत चालू होता.

म्हणून हा लेख नव्याने या चिलटांशी गाठ पडलेल्यांसाठी. पायऱ्या दिल्या आहेत, पण पहिल्या चार पायऱ्यांत कोणालाही मारायचं नाही. फक्त बघायचं आहे. ज्यांना थेट उपायावर उडी मारायची आहे त्यांनी मारावी, पण मग माझ्यासारखे महिने घालवायची तयारी ठेवावी.

पायरी १ : एक तरी पकडा

उडत्या चिलटाकडे बघून ते कोण हे सांगता येत नाही. काचेचा ग्लास कुंडीतल्या मातीवर हलकेच उपडा ठेवा, आत दोन-तीन सापडली की खालून जाड कागद सरकवा. ग्लास दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला की ती सुस्तावतात. मग पांढऱ्या कागदावर काढा आणि १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायचं छोटं मॅक्रो भिंगही चालतं. पिवळ्या चिकट पट्टीवर अडकलेलं चिलट बघायला सोपं वाटतं, पण गोंदात पाय आणि पंख दुमडले जातात. पहिली ओळख मोकळ्या चिलटावरच करावी.

काय बघायचं? पंख दोनच. माश्या, डास, चिलटं हे सगळे द्विपंखी गणातले. मागची पंखांची जोडी झिजून तिचे गदेसारखे दोन छोटे दांडे झालेले असतात. त्यांना संतोलक म्हणतात, आणि उडताना तोल सांभाळायचं काम तेच करतात. कागदावर चिलट कुशीवर पडलेलं असेल तर पंखाच्या मुळाशी हा फिकट दांडा दिसतो.

आता बुरशीचिलटाच्या खास खुणा. मी ‘बुरशीचिलट’ म्हणतोय ते मुख्यतः सायारिडी या कुलाला. कुंडीत सापडतात ती बहुतेक याच कुलातली, त्यातही ब्रॅडिसिया या गटातली. अंग २ ते ४ मिलिमीटर, काळपट आणि सडपातळ. पाय शरीराच्या मानाने लांब, म्हणून पहिल्या नजरेला डासाचं पोर वाटतं. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, मण्यांच्या माळेसारख्या लांब असून त्यांना १६ खंड असतात. पंख धुरकट. पंखाच्या मधोमध जाणारी शीर टोकाकडे दुभंगते आणि इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा फाटा तयार होतो. ही एक खूण ध्यानात ठेवली तरी अर्धं काम झालं.

भिंग चांगलं असेल तर डोळ्यांकडेही बघा. दोन्ही संयुक्त डोळे शृंगिकांच्या वर एका अरुंद पट्ट्याने जोडलेले असतात, जणू दोन डोळ्यांमध्ये पूल बांधलाय. हा पूल मला पहिल्यांदा दिसला त्या दिवशी फवारणीची बाटली मी कपाटात मागे ढकलली. पुढे कधीतरी लागलीच तर असावी म्हणून फेकली मात्र नाही.

पायरी २ : तोतये बाजूला काढा

घरात उडणारं प्रत्येक बारीक काळं काही बुरशीचिलट नसतं, आणि चुकीच्या प्राण्यावरचा उपाय वायाच जातो.

सगळ्यात जास्त घोळ फळमाशीशी, म्हणजे ड्रोसोफिलाशी होतो. ती पिंगट, जाडसर, आणि डोळे बहुधा लालभडक. पिकलेल्या फळावर आणि आंबूस वासावर येते. वाटीत थोडं व्हिनेगर आणि साबणाचा थेंब घालून रात्रभर ठेवा. सकाळी त्यात माश्या बुडालेल्या दिसल्या तर त्या बहुतेक फळमाश्याच. बुरशीचिलटांना व्हिनेगरचं फारसं आकर्षण नसतं. कुंडीशेजारी व्हिनेगरची वाटी ठेवून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. वाटीचा दोष नाही, पाहुणे वेगळे आहेत.

न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेलं, केसाळ, पंख छपरासारखे पसरलेलं, पतंगाच्या पिल्लासारखं दिसणारं चिलट मोरीतलं. त्याच्या अळ्या सांडपाण्याच्या नळीतल्या बुळबुळीत थरात वाढतात. शंका असेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी, म्हणजे गोंद खाली करून, लावा. हवेला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीच्या खालच्या बाजूला काय चिकटलंय ते बघा.

तिसरा तोतया रोपवाटिकांमध्ये हमखास भेटतो: शेवाळमाशी, शास्त्रीय भाषेत स्कॅटेला. तीही ओल्या मातीवरच असते, आकारही जवळपास तोच. पण ती ठेंगणी, दणकट, शृंगिका अगदी आखूड, आणि करड्या पंखांवर पाचेक फिकट ठिपके. तिची अळी मातीवरचं हिरवं शेवाळ खाते. मुळांना तिचा त्रास नगण्य.

पाठीला कुबड असलेली आणि उडण्याऐवजी तुरुतुरु पळणारी दिसली तर ती कुबडमाशी. दिव्याभोवती थव्याने नाचणारी, नरांच्या शृंगिका पिसासारख्या असलेली ती कायरोनोमिड चिलटं. त्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात, काहींच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्या लालचुटुक दिसतात. या दोघांचा तुमच्या कुंडीशी संबंध असण्याची शक्यता कमी.

यातलं चावणारं कोण, हा प्रश्न हमखास येतो. वर सांगितलेल्यांपैकी कोणीच नाही. बुरशीचिलटाचं तोंड त्वचा भेदायला बनलेलंच नसतं. ते नाकाडोळ्यांशी येतं आणि वैताग आणतं, त्यापलीकडे माणसाला काही करत नाही.

पायरी ३ : कुंडी शोधा

घरात पंधरा कुंड्या असतील तर पंधराही दोषी नसतात. माझ्या अनुभवात दोन-तीन कुंड्या सगळा पुरवठा करत असतात, बाकीच्यांवर चिलटं नुसती बसायला येतात. प्रत्येक संशयित कुंडीच्या मातीवर पारदर्शक ग्लास उपडा ठेवा, कडा मातीत किंचित रुतवा, आणि तीन-चार दिवस तसाच राहू द्या. आत चिलटं दिसली तर ती त्याच मातीतून बाहेर पडलेली आहेत, बाहेरून आलेली नव्हेत. ग्लास ठेवताना आत एखादं आधीच नाही ना, एवढं पाहून घ्या. नाहीतर निष्पाप झाडावर आळ येतो.

दोषी कुंड्यांमध्ये सहसा एक गोष्ट समान असते. माती सतत ओली, आणि तिच्यात अर्धवट कुजलेला मालमसाला भरपूर: कच्चं कंपोस्ट, पीट, पालापाचोळा, साली. चिलटाच्या मादीला अंडी घालायला अशीच जागा हवी असते. कुजणाऱ्या मालाला आणि त्यावर वाढणाऱ्या बुरशीला जो वास येतो त्याच्या मागावर ती येते.

पायरी ४ : अळीला बोलवा

मूळ पात्र अळी आहे. तिला बघायला माती उकरायची गरज नाही. कच्च्या बटाट्याची सेंटिमीटरभर जाडीची चकती कापून मातीवर ठेवा, हलकेच दाबा. दोन दिवसांनी उलटी करा. अळ्या असतील तर चकतीच्या खालच्या बाजूला आणि तिच्याखालच्या मातीत सापडतात. रोपवाटिकांमध्ये अळ्यांचा अंदाज घ्यायची ही जुनी रीत आहे.

अळी पाच-सहा मिलिमीटरपर्यंत लांब होते. तिला पाय नसतात. अंग पांढरट आणि इतकं पारदर्शक, की पोटातली काळी माती रेघेसारखी दिसते. डोकं मात्र चकचकीत काळं, टाचणीच्या टोकासारखं. हे काळं डोकं म्हणजे पक्की खूण. शेवाळमाशीच्या अळीला असं वेगळं डोकं नसतं. अळ्यांच्या अंगातून बारीक रेशीमही निघतं. जास्त झाल्या की ओल्या मातीवर चमकदार, गोगलगाय फिरून गेल्यासारखे पट्टे दिसतात ते त्याचेच.

पायरी ५ : कॅलेंडर मांडा

इथे जरा थांबू, कारण पुढचे सगळे उपाय याच हिशेबावर उभे आहेत.

साधारण २४ अंश सेल्सिअस तापमानात अंडं तीन-चार दिवसांत उबतं. अळी सुमारे दोन आठवडे खात राहते, त्या काळात तीनदा कात टाकते, म्हणजे तिच्या वयाचे चार टप्पे होतात. मग वरच्या मातीतच कोष, तीन ते पाच दिवसांचा. कोषातून बाहेर पडलेलं चिलट आठ-दहा दिवस जगतं, तेवढ्यात मादी शंभराच्या वर अंडी घालू शकते. म्हणजे अंड्यापासून चिलटापर्यंत साधारण तीन आठवडे. थंडीत हाच काळ चार-पाच आठवड्यांवर जातो.

आता हे कुंडीत बसवून बघा. कोणत्याही एका दिवशी तुमच्या मातीत अंडी आहेत, लहानमोठ्या अळ्या आहेत, कोष आहेत, आणि वर थोडी चिलटं उडताहेत. उडणारी सगळी आज मारली तरी उद्या कोषातली बाहेर येणार, पुढच्या आठवड्यात आज मोठ्या असलेल्या अळ्या बाहेर येणार. एका फवारणीने प्रश्न सुटत नाही तो यामुळे. जो काही उपाय कराल तो निदान चार आठवडे, न थकता, चालू ठेवावा लागतो. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणं ही सगळ्यात सार्वत्रिक चूक आहे.

मधेच : या अळ्या खातात तरी काय?

नावाप्रमाणे बुरशी. त्याबरोबर शेवाळ, कुजका पाला, कुजकं लाकूड. निसर्गात या कुलाचं काम हेच: जंगलातला पाला बारीक करणं आणि स्वतः कोळी, भुंगेरे, पक्ष्यांचं अन्न होणं. सायारिडी कुलाचीच अडीच हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. कुंडीत त्रास देणाऱ्या त्यातल्या मोजक्याच.

मग झाडाला धोका कधी? अन्नाची चणचण झाली, अळ्यांची गर्दी झाली, किंवा मुळं इतकी कोवळी असली की बुरशी आणि मूळ यांत अळीला फरकच उरत नाही. नुकती उगवलेली रोपं, मुळं फुटत असलेली छाट कलमं यांचं खरं नुकसान होतं. अळी केसमुळं कुरतडते, कधी देठाच्या मऊ बुंध्यात शिरते. शिवाय कुरतडलेल्या जागेतून पिथियमसारखे रोगकारक आत जातात, आणि चिलटं काही बुरश्यांचे बीजाणू अंगावरून व विष्ठेतून इकडून तिकडे नेतात. रोपं एकाएकी कोलमडतात त्यामागे कधी कधी ही जोडगोळी असते. अळिंबीच्या शेडमध्ये तर लायकोरिएला या जातभाईंची अळी थेट पिकावरच ताव मारते, तिथे ती खरोखरची शत्रू.

पण दोन वर्षं जुन्या, मुळांनी कुंडी भरलेल्या धडधाकट झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. त्याची पानं पिवळी पडली असतील तर आधी पाण्याचा अतिरेक तपासा. बऱ्याचदा मुळं पाण्यानेच कुजलेली असतात, कुजल्या मुळांवर बुरशी येते, बुरशीवर चिलटं येतात, आणि खापर शेवटी आलेल्यावर फुटतं.

पायरी ६ : वरचा थर वाळू द्या

सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात कंटाळवाणी पायरी. अळ्या बहुतेक करून वरच्या दोन-पाच सेंटिमीटर मातीत असतात. अंडी आणि कोवळ्या अळ्या कोरडेपणा सोसत नाहीत. दोन पाण्यांमध्ये वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत थांबा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघा. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्या. ज्या झाडांना चालतं त्यांना खालून, बशीतून पाणी पाजा, म्हणजे वरचा थर कोरडाच राहतो.

रोपांच्या ट्रेला हे जमत नाही, कारण रोपांनाही वरचाच थर ओला लागतो. तिथे सुरुवातीलाच बारीक चाळलेलं, पूर्ण कुजलेलं माध्यम वापरणं आणि पुढची पायरी गाठणं, एवढंच हातात.

जाड वाळूचा थर पसरा, दालचिनीची पूड टाका, हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, असे सल्ले खूप फिरतात. वाळूचा थर कोरडा असेपर्यंत थोडीफार मदत करतो, पण कुंडीच्या तळाच्या भोकांतूनही चिलटं ये-जा करतात. दालचिनीवर मी विसंबणार नाही. पेरॉक्साइड मी एकदा उत्साहाच्या भरात, प्रमाण न मोजता, ओतलं होतं. अळ्या फसफसून वर आल्या हे खरं. फर्नची कोवळी मुळंही गेली, हेही खरं.

पायरी ७ : मातीत मित्र सोडा

पाण्याची शिस्त लावूनही आकडा उतरत नसेल तर जैविक उपायांकडे वळा. दोन भरवशाचे आहेत.

पहिला, बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार, थोडक्यात बीटीआय. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला. डासांच्या अळ्यांविरुद्ध तो जगभर वापरतात, आणि बुरशीचिलटं डासांची दूरची भावंडं असल्याने त्यांच्या अळ्यांवरही चालतो. जिवाणूच्या बीजाणूंबरोबर प्रथिनांचे स्फटिक असतात. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळून विषारी होतात आणि आतड्याची भिंत फोडतात. म्हणजे अळीने खाल्ल्याशिवाय उपयोग शून्य, आणि मोठ्या अळीपेक्षा कोवळीवर परिणाम जास्त. मातीत तो फार दिवस टिकत नाही. म्हणून पाण्यात मिसळून दर आठवड्याला, सलग तीन-चार वेळा द्यायचा. पाकीट घेताना ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द बघून घ्या. त्याच जिवाणूचा फुलपाखरांच्या अळ्यांवर चालणारा कुर्स्टाकी प्रकार इथे कामाचा नाही.

दुसरा, स्टायनरनेमा फेल्टी नावाचे सूत्रकृमी. हे डोळ्यांना न दिसणारे जंत मातीतल्या ओलाव्यात पोहत अळी गाठतात, तिच्या तोंडातून किंवा इतर छिद्रांतून आत शिरतात आणि पोटातले जिवाणू तिथे सोडतात. अळी मारतात ते जिवाणू, एक-दोन दिवसांत. मग सूत्रकृमी तिच्यातच पोसतात आणि त्यांची पुढची पिढी बाहेर पडते. ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून संध्याकाळी, आधी ओल्या केलेल्या मातीत द्यावेत आणि पुढचे काही दिवस माती सुकू देऊ नये. सहाव्या पायरीशी हे उघडच भांडतं. दोन्ही एकदम करायला जाऊ नका: आधी सूत्रकृमींना त्यांचं काम करू द्या, मग कोरडेपणाकडे परता.

पिवळ्या चिकट पट्ट्या लावाच, पण मारण्यासाठी नाही, मोजण्यासाठी. मातीलगत, आडवी पट्टी ठेवली तर जास्त सापडतात, कारण ही चिलटं दुबळी उडणारी, बराच वेळ मातीवर पळणारी. दर आठवड्याला पट्टी बदला, आकडा वहीत लिहा. आकडा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खाली यायला हवा. दवबिंदू किंवा बटरवर्ट ही कीटकभक्षी झाडं ठेवली तर तीही आपला वाटा उचलतात, आणि चिकट पट्टीपेक्षा दिसतात नक्कीच छान.

कुंडीबाहेरची भावकी

इथवर आलात तर या घराण्याचे आणखी काही सदस्य सांगतो. न्यूझीलंडमध्ये वाइटोमोच्या गुहांत छताला हजारो निळसर-हिरवे दिवे लुकलुकतात. ते म्हणजे अरॅक्नोकॅम्पा ल्युमिनोसा या बुरशीचिलटाच्या अळ्या. केरोप्लॅटिडी हे त्यांचं कुल, आपल्या कुंडीतल्यांच्या नात्यातलंच. या अळ्या बुरशी सोडून शिकारीकडे वळल्या. छताला चिकटून त्या रेशमाचे धागे खाली सोडतात, धाग्यांवर चिकट थेंब असतात, आणि उजेडाकडे येणारा कीटक अडकला की धागा वर ओढून घेतात. प्रौढ चिलट काहीच खात नाही. अळीपणी जे कमावलं त्यावरच त्याचे थोडे दिवस निघतात.

युरोपच्या जंगलात सायारा मिलिटारिस या जातीच्या हजारो अळ्या एकमेकींवर चढत, सापासारख्या एका लांब रांगेत जमिनीवरून सरकतात. जर्मन लोक त्या रांगेला फौजेचा किडा म्हणत, आणि ती दिसली की युद्धाचा शकुन मानत.

सापकांद्याच्या गटातली, म्हणजे अॅरिसीमाची, फुलं तर या चिलटांवरच विसंबून असतात. चिलट फुलाच्या गुंडाळीत शिरतं आणि गुळगुळीत भिंतींमुळे वर चढू शकत नाही. नर फुलाच्या तळाशी बाहेर पडायला फट असते, तिथून ते परागकण घेऊन सुटतं. मादी फुलाला ती फट नसते. परागकण पोचते झाले की बिचारं सहसा आतच संपतं.

आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासात या क्षुद्र चिलटाला मानाचं पान आहे. ब्रॅडिसिया कोप्रोफिलाच्या काही माद्यांना फक्त मुलीच होतात, काहींना फक्त मुलगे. नर पुढच्या पिढीला फक्त आईकडून आलेली गुणसूत्रं देतो, बापाकडून आलेली वगळतो. म्हणजे कोणतं गुणसूत्र कोणाकडून आलं, याची खूण पेशीला ठाऊक असते. हेलेन क्राउस यांनी १९६० साली यासाठी ‘इम्प्रिंटिंग’, म्हणजे ठसा उमटणं, हा शब्द वापरला. तोच शब्द आज माणसाच्या जनुकांबद्दलही वापरतात.

पायरी ८, हवी असेल तर : बरणी

एक पारदर्शक बरणी घ्या. तळाशी तीन बोटं ओलसर कंपोस्ट, वर बटाट्याच्या चकतीखाली सापडलेल्या आठ-दहा अळ्या चकतीसकट. तोंडाला पातळ घट्ट विणीचं कापड आणि रबर. मच्छरदाणीची जाळी चालणार नाही, तिच्यातून ती निसटतात. बरणी उन्हापासून दूर ठेवा, माती वाळू लागली की चमचाभर पाणी. तारीख बरणीवर लिहा.

पहिले काही दिवस काचेलगत काळी डोकी हलताना दिसतील. मग सगळं थंडावेल, तेव्हा मेल्या समजून फेकू नका, ते कोष आहेत. नंतर एखाद्या सकाळी कापडाच्या आतल्या बाजूला पहिलं चिलट बसलेलं असेल. नर असेल तर पोटाच्या टोकाला चिमट्यासारखी जोडी दिसते, मादीचं पोट टोकाला निमुळतं. नर पंख फडफडवत मादीमागे पळतो, आणि जमलं तर दोघं पाठीला पाठ लावून, तोंडं विरुद्ध दिशांना करून, काही वेळ जोडलेली राहतात. कापड मात्र कुंड्यांच्या खोलीत उघडू नका.